कुलूपबंद साखर

निवडणूक संपली की भिंतींवर पोस्टरं उरतात. ती उतरवायला कार्यकर्ते येत नाहीत, गाई येतात. एखादी गाय भिंतीशी मान तिरकी करून उभी राहते, खरखरीत जिभेने पोस्टरचा सुटलेला कोपरा ओढते आणि उमेदवाराचा हात जोडलेला हसरा फोटो शांतपणे चघळू लागते. खळीच्या वासाने आली असेल बिचारी, असं म्हणून आपण पुढे जातो. मैद्याची खळ तिला आवडत असणारच. पण खळ चाटून झाली म्हणून ती कागद थुंकून टाकत नाही. तोही गिळते आणि नंतर सावकाश रवंथ करत त्यातूनही अन्न काढून घेते.

त्या घटकेला तिच्या तोंडात दोन वस्तू असतात, मैदा आणि कागद. आपल्याला वाटतं, एक खायची आणि एक वाचायची. रसायनशास्त्राला मात्र त्या सख्ख्या बहिणी वाटतात. मैद्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. कागदातलं सेल्युलोज म्हणजेही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मणी तोच, त्यातले कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे अणूही तेवढेच. फरक एवढाच, की स्टार्च ओवताना सगळे मणी एकाच बाजूने ओवलेत आणि सेल्युलोजमध्ये दर दुसरा मणी उलटा फिरवून ओवलाय.

एवढ्याशा उलटापालटीने काय होतं? स्टार्चची माळ स्प्रिंगसारखी गुंडाळत जाते. सैल असते, पाण्यात फुगते, शिजते. सेल्युलोजची माळ ताठ सरळ राहते. मग अशा हजारो मण्यांच्या सरळ माळा एकमेकींना चिकटून काड्यांच्या भाऱ्यासारख्या घट्ट बांधल्या जातात, इतक्या घट्ट की पाण्यालाही आत शिरायला फट सापडत नाही. पहिल्या ओवणीने भात झाला, भाकरी झाली. दुसऱ्या ओवणीने सागाचं खोड, कापसाचा धागा आणि तुमच्या हातातलं हे पान झालं.

याची प्रचिती आपण सगळ्यांनी लहानपणी घेतली आहे. पोळीचा घास नुसता चावत राहिलं की थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो, कारण लाळेतलं एन्झाइम स्टार्चची माळ तोडून साखर मोकळी करतं. आणि वर्गात पुढच्या बाकावर मारायला कागदाचा बोळा चघळत बसलेला मुलगा? त्याला तास संपेपर्यंत गोडीचा मागमूस लागत नाही. साखर तोंडात असते, पण कुलूपबंद. लाळेची किल्ली त्या उलट्या मण्याला लागतच नाही.

गाईकडे तरी ती किल्ली असते का? खरं तर नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीवांची वसाहत आहे आणि किल्ली त्यांच्याकडे असते. घरातली चौकट आणि कपाटातली पुस्तकं पोखरणारी वाळवीही पचनासाठी आपल्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांवर विसंबून असते. ही किल्ली माणसाच्या हाती आली, तर रद्दीतून साखर आणि साखरेतून इथेनॉल, म्हणजे गाडीच्या टाकीत घालायचं इंधन मिळेल. ती किल्ली हाती आलेली आहे, आणि कशी आली ही गोष्ट कुठल्याही रहस्यकथेपेक्षा कमी रंजक नाही.

सुरुवात फ्रान्समधल्या नान्सी या गावी होते. तिथल्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख आंरी ब्राकोनो याने १८१९ साली जुन्या तागी कापडाच्या चिंध्या घेतल्या, त्या तीव्र गंधकाम्लात विरघळवल्या, पाणी घालून उकळल्या, आणि खडूच्या भुकटीने आम्ल मारलं. हाती लागली साखर. हल्लीचा कागद लाकडापासून होतो, पण त्या काळी युरोपात कागद चिंध्यांचाच होत असे. म्हणजे ज्या चिंध्या कागदाच्या गिरणीत जायच्या, त्या ब्राकोनोच्या भांड्यात पडून गोड झाल्या. लोकांना सगळ्यात नवल वाटलं ते वजनाचं. मिळालेली साखर मूळ चिंध्यांपेक्षा जड भरली!

यात जादू नाही, पण जादूहून फारसं कमीही नाही. माळेतला प्रत्येक जोड तोडताना पाण्याचा एक रेणू त्या जागी जाऊन बसतो. १६२ ग्रॅम सेल्युलोज तोडायला १८ ग्रॅम पाणी लागतं आणि १८० ग्रॅम ग्लुकोज मिळतं. किलोभर सेल्युलोजमधून अकराशे ग्रॅमहून थोडी जास्त साखर. ज्या पाण्याला भाऱ्यात शिरायला वाव नव्हता, ते शेवटी साखरेचाच भाग होऊन बसतं.

पुढे आन्सेल्म पायां या फ्रेंच रसायनज्ञाने १८३८ साली वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतला हा पदार्थ वेगळा काढला. सेल्युलोज हे नाव त्याच कामातून पुढे आलं. गंमत अशी, की याच पायांनी त्याआधी पाच वर्षं, १८३३ साली, पेर्सो या सहकाऱ्याबरोबर मोड आलेल्या बार्लीतून डायस्टेज वेगळं केलं होतं. स्टार्चची साखर करणारं ते एन्झाइम, आणि वेगळं काढलेलं जगातलं पहिलं. म्हणजे एका कुलपाची किल्ली आणि दुसरं कुलूप, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होतं. दुसऱ्या कुलपाची किल्ली मिळायला मात्र शंभरावर वर्षं जावी लागली. तोवर आम्लाचा हातोडा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लाकडाच्या भुश्शावर आम्ल ओतून अल्कोहोल करणारे कारखानेही निघाले. पण हातोड्याने कुलूप फोडलं की आतला मालही थोडा फुटतो. तीव्र आम्ल आणि उष्णतेत सुटलेली साखर टिकत नाही, तिचेच पुढे यीस्टला न मानवणारे पदार्थ होतात. आणि आम्ल सगळ्या यंत्रांना खात सुटतं ते वेगळंच.

किल्ली सापडली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि शोधणारे तिच्या शोधात नव्हते. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांच्या दमट हवेत अमेरिकी फौजेचे तंबू, गणवेश, पट्टे कुजून जात होते. शत्रूच्या गोळीआधी बुरशीच कपड्यांचा फडशा पाडत होती. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. कोण खातंय हे शोधून काढा आणि त्याला थांबवा, असं काम सैन्याने शास्त्रज्ञांवर सोपवलं. बूगनव्हिल बेटावरच्या कुजलेल्या कापडावरून एक हिरवट बुरशी वेगळी काढली गेली. तिला क्रमांक मिळाला क्यूएम ६ए. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर, सैन्याचं कपडालत्ता पुरवणारं खातं.

एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स या दोघांनी मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेत या बुरशीचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. ती सेल्युलोज चावत नाही, आपल्या अंगातून एन्झाइम बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग साखर शोषून घेते. म्हणजे आपण आधी खातो आणि मग पचवतो, ती आधी पचवते आणि मग खाते. माणसासाठी यातच सगळं आलं. पचनरस बाहेर पडतो, म्हणून तो गाळून बाटलीत भरून ठेवता येतो. १९७३ साली तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं आणि नॅटिकच्या प्रयोगशाळेत प्रश्नच उलटा झाला. जिला थांबवायचं होतं तिला आता जोरात कामाला लावायचं होतं. कुजणं रोखण्यासाठी गोळा केलेलं ज्ञान कुजवण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. मँडेल्स आणि सहकाऱ्यांनी त्या रसाला खाऊ घातलेल्या पदार्थांमध्ये दळून बारीक केलेली जुनी वर्तमानपत्रंही होती.

१९७७ साली त्या बुरशीला रीझच्या सन्मानार्थ नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीझाय. आज कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या तिच्या साऱ्या वाणांची मूळ आजी तीच, बूगनव्हिलच्या तंबूवरची. जीन्सला विटका, वापरून मऊ झाल्यासारखा रंग देण्यासाठीही अशाच बुरशींची एन्झाइम वापरतात. एके काळी सैनिकांचे कपडे खाल्ले म्हणून जिच्या मागे लष्कर लागलं होतं, तिच्या कुळाकडून आपण आता हौसेने पँटी कुरतडून घेतो.

ही किल्ली म्हणजे एक एन्झाइम नव्हे, तीन कामगारांची टोळी आहे. पहिला भाऱ्यातल्या एखाद्या सैल जागी शिरून माळ मधोमध तोडतो. त्यामुळे टोकं मोकळी होतात. दुसरा असं टोक पकडतो. त्याच्या अंगात एक बोगदा आहे. सुईत दोरा ओवावा तशी माळ त्यात शिरते आणि तो पुढे सरकत दोन-दोन मण्यांचे तुकडे पाडत जातो. तिसरा त्या जोड्या फोडून सुटा ग्लुकोज हातात देतो.

दुसऱ्या कामगाराची चाल जपानी शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष चित्रित केली. कियोहिको इगाराशी आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान सूक्ष्मदर्शीखाली पाहिलं, तर हे रेणू सेल्युलोजच्या तंतूवरून एकाच दिशेने, मुंग्यांच्या रांगेसारखे चालत होते. वेग सेकंदाला काही नॅनोमीटर. सेकंदाला ७ नॅनोमीटर धरले, तरी माणसाच्या एका केसाची जाडी ओलांडायला त्याला तीन तास लागतील. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात आणखी एक मौज होती. वाटेत खडबडीत जागा आली की पुढचा रेणू अडतो, मागचे त्याच्यावर येऊन थडकतात आणि वाहतूक कोंडी होते. कागद पचायला तासन्‌तास का लागतात, याचं एक कारण हे. सेल्युलोजच्या पृष्ठभागावर रोज संध्याकाळचा हिंजवडीचा चौक भरलेला असतो.

या रसाची ताकद मोजायची कशी? त्याचं माप पाहिलं की हसू येतं आणि आदरही वाटतो. १ सेंटिमीटर रुंद, ६ सेंटिमीटर लांब, ५० मिलिग्रॅम वजनाची गाळणकागदाची पट्टी घ्यायची, गुंडाळी करून परीक्षानळीत सोडायची, वर एन्झाइम घालायचं, ५० अंश सेल्सिअसला ६० मिनिटं ठेवायचं आणि किती साखर सुटली ते मोजायचं. नॅटिकमध्ये सुरू झालेल्या या चाचणीला १९८७ साली आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष यांनी आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून शब्दबद्ध केलं. आजही जगात कुठेही लाकूड, पेंढा, उसाची चिपाडं यांतून इंधन काढायला निघालेला माणूस आपल्या एन्झाइमचं बळ ‘फिल्टर पेपर युनिट’ मध्येच सांगतो. इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात, एन्झाइमची कागदात.

आता रद्दीकडे वळू. कागदाचे कपटे करून पाण्यात भिजवले की पहिली अडचण उभी राहते. कागद टिपकागदासारखा सगळं पाणी पिऊन टाकतो. दहा लिटर पाण्यात किलोभर कपटे घातले तर दाट आंबीलच तयार होते, ढवळणंही जड जातं. त्यात एन्झाइम पडलं, की काही तासांत ती आंबील डोळ्यांदेखत पातळ होत जाते. लगदा खाली बसतो, वर किंचित गढूळ, गोडसर पाणी उरतं. परीक्षेचे पेपर, बँकेची पत्रं, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका, सगळ्यांचा पाक.

पण पाक साचू लागला की टोळी काम थांबवते. समोर माल पडून असेल तर नवा कशाला काढा, असा त्या एन्झाइमांचा स्वभाव. यावर उपाय म्हणून त्याच भांड्यात यीस्ट सोडण्याची युक्ती निघाली आणि १९७६ साली तिला पेटंट मिळालं. एकाने साखर मोकळी करायची, दुसऱ्याने लगेच खाऊन टाकायची. मालाचा ढीग लागत नाही, म्हणून टोळी थांबत नाही. संसारात असते तशी तडजोड इथेही आहेच. एन्झाइमला ५० अंशांची ऊब हवी, यीस्टला तिशीतली हवा मानवते, मग दोघं मिळून सदतिसाच्या आसपास कुठेतरी जमवून घेतात.

यीस्टचं काम आपल्या स्वयंपाकघराला नवं नाही. पावाचं पीठ आंबतं तेच हे. ग्लुकोजच्या एका रेणूमागे इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. वजनाने पाहिलं तर साखरेतला निम्म्याहून किंचित जास्त भाग इथेनॉल होतो, बाकीचा बुडबुडे होऊन उडून जातो. मागे उरतं ते चार-पाच टक्क्यांचं पाणचट मिश्रण. त्याचं ऊर्ध्वपातन करावं लागतं. पण उकळून उकळून फार तर ९५-९६ टक्क्यांपर्यंत पोचता येतं, पुढे पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून एकत्रच वाफ होतात. शेवटचं पाणी काढायला झिओलाइटचे मणी वापरतात. त्यांची छिद्रं ०.३ नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू जेमतेम आत शिरतो, इथेनॉलचा मावत नाही. रेणूंची चाळणच म्हणा. सुकलेलं ते इथेनॉल मग पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं होतं.

किती मिळेल? गणित कागदावरचंच आहे, आणि कागदाचंच. ए-४ आकाराचे १६ कागद मांडले की एक चौरस मीटर भरतो, म्हणून ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या, एका कागदाचं वजन होतं ५ ग्रॅम. त्यातून ओलावा, पांढरेपणासाठी भरलेली खडूची पूड आणि वर लावलेली खळ वजा करून ३ ग्रॅम सेल्युलोज धरू. एकही मणी वाया न जाता सगळ्याचं इथेनॉल झालं, तर हाती येतं २ मिलिलिटरहून किंचित जास्त. चहाचा चमचा निम्माही भरत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. पेट्रोलवर लिटरला ५० किलोमीटर धावणारी स्कूटर त्यावर साधारण ७० मीटर जाईल. एका कोऱ्या कागदावर गल्लीच्या तोंडापर्यंत! पाचशे कागदांच्या रिमातून लिटरभर. प्रत्यक्षात याहून कमीच, कारण टोळी शेवटच्या मण्यापर्यंत कधीच पोचत नाही.

मग पेंढ्यापेक्षा कागद बरा कसा? हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर उभारलेल्या त्या कारखान्याचं उद्दिष्ट वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याचं. तिथे सर्वांत कष्टाचं काम एन्झाइमच्या आधीचं असतं. पेंढ्यात सेल्युलोजभोवती लिग्निनचं लुकण बसलेलं असतं. वाफ, दाब आणि रसायनं वापरून ते सैल केल्याशिवाय टोळीला आत वाव मिळत नाही. चांगल्या पांढऱ्या कागदाच्या बाबतीत हे काम कागद गिरणीने आधीच करून ठेवलेलं आहे. लाकूड रसायनांत शिजवून लिग्निन काढून टाकलं, तेव्हाच तर तो पांढरा झाला. कुलपापुढची भिंत दुसऱ्याने, दुसऱ्याच कारणासाठी, दुसऱ्याच्याच खर्चाने पाडून ठेवलेली!

वर्तमानपत्राचं तसं नाही. त्याचा लगदा बहुतांशी लाकूड नुसतं वाटून करतात, त्यामुळे लिग्निन आतच राहतं. खिडकीत पडलेला पेपर चार दिवसांत पिवळा पडतो, तो याच लिग्निनमुळे. जो कागद उन्हात लवकर पिवळा पडतो तो बुरशीच्या रसालाही लवकर दाद देत नाही, हा नियम घरबसल्या लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पण प्रश्न उरतो तो शहाणपणाचा. चांगली रद्दी आंबवावी का? माझं उत्तर स्पष्ट आहे, आंबवू नये. रद्दीचा पुन्हा कागद होतो आणि तोच तिचा उत्तम उपयोग. माळा तोडून साखर करणं म्हणजे विणलेलं कापड उसवून कापूस करण्यासारखं आहे. पण कागदालाही म्हातारपण असतं. दर फेरीत त्याचे तंतू आखूड होत जातात. पाच-सात फेऱ्यांनंतर ते इतके तोकडे होतात की चाळणीतून निसटून पाण्याबरोबर वाहून जातात आणि गिरणीच्या मागे ओला, राखाडी गाळ होऊन साचतात. त्यापासून कागद होत नाही, ओला म्हणून धड जळत नाही, टाकायला जागा आणि पैसे लागतात. एन्झाइमला मात्र आखूड तंतूंचं काहीच वावडं नाही, उलट जितकी टोकं जास्त तितकं काम सोपं. या गाळातली खडूची पूड आम्लता बिघडवते, ती सांभाळावी लागते. एन्झाइम फुकट येत नाही. पण ऊस आणि मक्याचं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळणाऱ्या देशात, ज्या साखरेसाठी एक लिटरही पाणी नव्याने शेतात सोडावं लागत नाही, तिच्याकडे पाहायला हवं.

आमच्या गल्लीतला रद्दीवाला हे सगळं हातानेच करतो. पुठ्ठा एकीकडे, पेपर दुसरीकडे, वह्या आणि पांढरे कागद तिसरीकडे, प्रत्येकाचा दर वेगळा. लिग्निन हा शब्द त्याने ऐकलेला नाही, पण त्याच्या गठ्ठ्यांची वाटणी जवळपास त्याच हिशेबाने झालेली असते. परवा त्याने आमच्या गठ्ठ्यातून वडापावचा कागद बोटांनी उचलला, नाक मुरडलं, “ताई, तेलकट हाय, ह्यो नाय चालत,” म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला टाकला. तेल प्यायलेल्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही, हे त्याचं बरोबरच होतं.

कोपऱ्यावरची गाय दोन पावलं पुढे आली, कागद हुंगला आणि खाऊन टाकला.